पंख कुणासाठी हलले

विमानखात्यात नोकरी केली म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. "म्हणजे तुम्ही विमान चालवायचात?" नाही म्हटलं की खुर्ची पुन्हा मागे. ही पुढे-मागे होणारी खुर्ची मी जन्मभर बघत आलो. आमच्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनीही ती मागे घेतली होती.

"मग करता काय?"

"बत्ती दाखवतो."

"रेल्वेत?"

"नाही, विमानाला."

सासऱ्यांनी वर आढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "असंल. सरकारी हाय न्हवं?"

त्या 'सरकारी'वर माझं लग्न झालं.

संपादकांनी माझ्याकडे 'कामातले थरारक प्रसंग' मागितले आहेत. थरार वरच्याला असतो, खालच्याची नुसती मान अवघडते. त्यामुळे आधीच सांगून ठेवतो, या लेखात शौर्य शोधू नका. यात मत्सर आहे. तो मात्र अस्सल आहे आणि मी तो बरीच वर्षं जपून ठेवला आहे.

काम समजायला फार अवघड नाही. मोठ्या विमानात रेडिओ असतो. वैमानिक बोलतो, खालचा साहेब उत्तर देतो. पण तेव्हाच्या बारक्या विमानांत, दोन माणसांच्या, कापडाने मढवलेल्या, वर एक नि खाली एक असे दुहेरी पंख असलेल्या विमानांत रेडिओ नसायचाच. मग त्याला उतर, थांब, जा, हे सांगायचं कसं? त्यासाठी मी. हातात एक बत्ती. बंदुकीसारखा दस्ता, वर नेम धरायला नळी, पुढे खटक्यासरशी येणारी हिरवी आणि तांबडी काच. तिचा उजेड पसरत नाही, दाभणासारखा सरळ जातो. ज्याच्यावर नेम धराल त्यालाच दिसतो. हिरवा म्हणजे उतर. तांबडा म्हणजे घिरट्या घाल, दुसरा उतरतोय. तांबडा लुकलुकला की खाली येऊच नकोस. आणि वैमानिकाला बत्ती दिसली की त्याने दोन्ही पंख डाव्या-उजव्या बाजूला हलवायचे. तो त्याचा जबाब. जबाब आल्याशिवाय बत्ती खाली ठेवायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

हा धडा मी लढाईत शिकलो. आमच्या कडेगावकडे घरटी एक माणूस फौजेत, पण सगळे पायदळात. मी हवाई दलात गेलो तेव्हा गावाला वाटलं, पोरगा आता उडतो. मी बंगालच्या बाजूच्या एका गजबजलेल्या तळावर लाकडी मनोऱ्यावर चढलो, तेवढीच माझी उंची. मनोऱ्यात दोन जाती होत्या. माईकवाले आणि बत्तीवाले. माईकवाल्यांना चहा जागेवर यायचा. ते इंग्रजीतून मोठ्या विमानांशी असे बोलायचे की जणू जावई फराळाला बसवताहेत. आम्ही कोपऱ्यात उभे राहून बारक्यांना डोळे मिचकावायचो. माझ्या मत्सराची मुंज तिथे झाली.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी पश्चिमेला एक विमान दिसलं. दिवा लावून, एका जागी, शांत. मी तांबडा दाखवला, जबाब नाही. हिरवा दाखवला, जबाब नाही. साहेबांचं विमान असेल म्हणून घाम फुटला. हात भरून येईपर्यंत त्याला आळीपाळीने दोन्ही रंग दाखवले. शेवटी माईकवाला मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चालू दे. शुक्राची चांदणी उतरली की मला सांग." पुढे कित्येक महिने मला मेसमध्ये 'ज्योतिषीबुवा' म्हणत.

लढाई संपली आणि दोनेक वर्षांनी माझी नेमणूक चक्क सांगलीला झाली. गावाबाहेरच्या माळावर संस्थानी काळात केलेली गवताची धावपट्टी होती. मनोरा म्हणजे चार वासे आणि वर माची, ज्वारीच्या राखणीला घालतात तशी, फक्त जरा थोराड. गवत वाढू नये म्हणून बिरू धनगराची मेंढरं तिथे चरायची. विमान यायच्या वेळेला मी बिरूकडे तांबडा दाखवला की तो मेंढरं बाहेर काढायचा. माची, बत्ती, मी, बिरू, मेंढरं आणि आमचे लिमये साहेब, एवढं आमचं विमानतळ.

आणि वसंता.

वसंता कराडच्या गूळ-व्यापाऱ्याचा मुलगा. एका उड्डाण क्लबात विमान शिकलेला. त्याच्याकडे क्लबाचं एक दुपंखी विमान असायचं आणि आठवड्यातून एक-दोनदा तो पुण्याहून माणूस नाहीतर पार्सल घेऊन आमच्याकडे उतरायचा. चामड्याचं जाकीट, कपाळावर चढवलेला मोठा चष्मा, गळ्यात पांढरा रुमाल. तो उतरला की माळावर माणसं कुठून उगवायची कळत नसे. मी त्याच्या आधी तास-दीड तास उन्हात उभा असायचो. माझ्याभोवती मेंढरंसुद्धा जमत नसत.

वाईट म्हणजे माणूस चांगला होता. मत्सर करायला जरा तरी वाईट माणूस असावा, म्हणजे मनाला त्रास होत नाही. वसंता जेवायला आमच्याकडे यायचा, पाटावर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, असा झुणका पुण्यात सोन्याच्या भावात मिळणार नाही." आमची तारा लाजून अजून एक भाकरी वाढायची. मी तोच झुणका रोज खात होतो. चांगला होता, पण हे असं म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

तारा कवठे महांकाळकडची. तिकडच्या कोरडवाहू मुलखातल्या माणसाला वर बघायची सवयच असते. ढग येतो का बघता बघता जन्म जातो. सांगलीत हळदपेठेच्या मागच्या गल्लीत आमची खोली होती आणि वसंताचं विमान नेमकं त्या गल्लीवरून माळाकडे वळायचं. तिथेच त्याला माझा हिरवा दिसायचा आणि तिथेच तो पंख हलवायचा. खाली अख्खी गल्ली ओट्यावर. बायका पदर हलवताहेत, पोरं ओरडताहेत. आणि संध्याकाळी मी घरी आलो की मला ऐकावं लागायचं.

"आवं, वसंतभावजींनी आज दोनदा रामराम केला."

"रामराम नाही तो. जबाब दिला. मला."

"तुमाला कशापायी? तुमी तर तिकडं माळावर."

"मी बत्ती दाखवली म्हणून."

"व्हय? मग आमी हात केला की लगीच बरं हलतंय इमान?"

मी समजावलं, शपथा घेतल्या, फोड करून सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "असू दे रं पोरा, तुलाबी करत असंल एखादा." बिरूला सांगितलं तर तो काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "तुमच्या बत्तीचं माजी मेंढरं ऐकत्यात, ह्ये मी बघितलंय. त्यो इमानवाला ऐकतो का न्हाई, ते त्येलाच ठावं."

शेवटी मी कंदील घेतला. त्याच्या एका बाजूला हिरवा आणि एका बाजूला तांबडा पतंगाचा कागद चिकटवला आणि ताराला सगळी विद्या शिकवली. म्हटलं, निदान घरात तरी माझा धंदा कुणाला कळू दे. तिने ती इतकी चटकन उचलली की मलाच जड गेलं. घरात बायका बसायला आल्या असल्या की खिडकीत तांबडा. म्हणजे मी गल्लीतच घिरट्या घालायच्या. हिरवा दिसला की घरात यायचं. आणि यायच्या आधी दारातून विचारणा व्हायची.

"जबाब?"

"अगं, लोक बघतायत."

"जबाब आल्याबिगर बत्ती खाली ठिवायची न्हाई. तुमीच शिकवलंय."

मग मी, सरकारी नोकर, हळदपेठेच्या मागे दोन्ही हात पसरून डावीकडे-उजवीकडे झुलायचो. गल्लीत माझ्याबद्दल काय बोलत असतील ते असो. आम्हा दोघांना मात्र मजा वाटायची.

त्या हिवाळ्यात आमच्या माळावर विमानांचा मेळावा ठरला. मुंबई, पुणे, बेळगाव, कोल्हापूर, जिथून मिळतील तिथून बारकी विमानं येणार. जत्रेसारखी गर्दी. पाळण्यांऐवजी विमानं. बिरूने मेंढरं दूर ओढ्याकडे नेली. एका दिवसापुरतं आमचं विमानतळ मुंबईच्या तोडीचं झालं. वर पाच-पाच विमानं घिरट्या घालताहेत, खाली दोन सुटायला उभी, आणि या सगळ्यांशी बोलायला माझी एक बत्ती. कारण लिमये साहेब माचीच्या दुसऱ्या टोकाला कानाला यंत्र लावून बसले होते. पाहुण्यांना घेऊन मुंबईचं मोठं विमान येणार होतं आणि त्याच्याशी ते माईकवरून बोलणार होते. यंत्रातून पापड भाजल्यासारखा आवाज येत होता. साहेब म्हणाले, "बारकी तुम्ही बघा."

खरं सांगतो, दुपारपर्यंत मी राजा होतो. ह्याला हिरवा, त्याला तांबडा. एकापाठोपाठ एक पंख हलत होते. आज तरी ताराने बघावं म्हणून मी गर्दीत तिला शोधलं. सापडली. वसंताच्या विमानाशेजारी.

लोकांना हौसेची एकेक फेरी मारून आणायची होती. वसंताने मला खालूनच हाक मारली.

"गड्या, वहिनींना एक चक्कर मारून आणू का रं?"

गर्दीतले सगळे वर माझ्याकडे बघायला लागले. ताराही बघत होती. नको कसं म्हणणार? म्हटलं, "आण की! मला काय?"

त्या 'मला काय'चा अर्थ मला काहीतरी होतंय असाच असतो, हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आलं असेल.

त्या विमानात पाहुणा पुढच्या खळग्यात बसतो आणि वैमानिक त्याच्या मागच्या. इंजिनाच्या आवाजात बोलायचं तर टोपीला जोडलेल्या रबरी नळीतून. वसंताने ती टोपी ताराच्या पदरावरून नीट बसवली. आणि मला माचीवर एकदम लख्ख दिसलं, हा आता तिच्या कानात बोलणार. लग्नाला दोन वर्षं झाली होती. शेजारी पातळ भिंत आणि भिंतीपलीकडे काकू. मला बायकोच्या कानात बोलायला एवढी नळी मिळाली नव्हती. मी सुटायचा हिरवा दाखवला आणि माझी बायको उडाली.

विमान कृष्णेच्या बाजूला गेलं, पुलावर वळलं. त्याला दाखवायला काय कमी होतं? नदी, गणपतीचं शिखर, हळदीची पेवं, उसाचे हिरवे पट्टे. मी बेळगावच्या पिवळ्या विमानाला हिरवा दाखवला. ते दमलेलं होतं, बराच वेळ घिरट्या घालत होतं. त्याने पंख हलवले, लांब वळण घेतलं आणि उतरायला निघालं. इथपर्यंत सगळं नियमाने.

पण माझे डोळे वसंताच्या विमानावर. एक फेरी म्हणाला होता. एक झाली, दुसरी सुरू झाली. आता काय सांगत असेल नळीतून? झुणक्याचं? पुण्याचं? वसंताचं विमान माळाच्या बाजूला वळलं मात्र, माझा हात आपोआप वर गेला आणि मी त्याला हिरवा दाखवला. उतर. लगेच उतर. माझी बायको खाली आण.

त्याचे पंख हलले. गर्दीने हात हलवले. मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं चार श्वास टिकलं असेल. मग मला पिवळं विमान दिसलं. ते अजून उतरलंच नव्हतं. ते खालून सरळ येत होतं आणि वसंताचं वरून, घाईने, तीव्र उतारावर. दोघांकडेही माझा हिरवा. दोघांनीही मला जबाब दिलेला. खालच्याला वरचं दिसेना, मध्ये त्याचा वरचा पंख. वरच्याला खालचं दिसेना, मध्ये त्याचा खालचा पंख. जणू एकाच जिन्याची पायरी उतरणारे दोघे आंधळे. आणि वरच्याच्या पुढच्या खळग्यात तारा.

मी तांबडी काच ओढली आणि वसंतावर लुकलुकवायला सुरुवात केली. जबाब नाही. उतरताना वैमानिक एका बाजूला वाकून वाऱ्याची दिशा दाखवणारी जमिनीवरची पांढरी कापडी खूण बघतो. वसंता डावीकडे वाकला होता. माची उजवीकडे.

"साहेब!" मी ओरडलो. "साहेब, तांबडं पिस्तूल!" आणीबाणीला आकाशात तांबडी चंद्रज्योत उडवायचं पिस्तूल साहेबांच्या पेटीत असायचं.

साहेबांनी कानावरचं यंत्र घट्ट दाबून हात वर केला. "हळू! मुंबई बोलतेय!"

बत्ती विमानामागून फिरवताना उजेड कधी विमानाच्या शेपटीवर, कधी नुसत्या आभाळात. बंगालमध्ये न हलणाऱ्या चांदणीला मी एवढा वेळ नेम धरून राहिलो होतो, आणि आता माझी स्वतःची बायको नेमात येईना. मी गुडघ्यावर बसलो, बत्ती कठड्यावर टेकवली, श्वास धरला. खटका. खटका. खटका. दोन विमानांमधलं अंतर उसाच्या कांड्याएवढं दिसत होतं.

आणि वसंताच्या विमानाने नाक वर केलं. इंजिन किंचाळलं, विमान उजवीकडे चढत गेलं. पिवळं त्याच्या खालून येऊन गवतावर टेकलं, दोन उड्या मारून थांबलं. गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कसरत होती.

मी पुन्हा हिरवा द्यायला घाबरत होतो. पट्टी मोकळी होती, वर दुसरं कुणी नव्हतं, तरी माझ्याच्याने खटका दाबवेना. साहेब आता यंत्र टाकून माझ्या शेजारी आले होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बत्ती वसंताच्या विमानाकडे वळवली. मी हिरवा दाखवला.

जबाब येईना. विमान सरळ येत होतं, पंख ताठ. वसंता हादरलेला होता, विसरला असणार. आणि मी बत्ती धरूनच उभा. बोटं पांढरी पडली तरी धरूनच. मग एकदम पंख हलले. डावा, उजवा, डावा, उजवा. नेहमीपेक्षा जास्त वेळा. जवळजवळ नाचल्यासारखे.

खाली हजार माणसांनी हात हलवले.

वसंता उतरला तेव्हा त्याचा चेहरा रुमालासारखा पांढरा होता. माचीखाली येऊन त्याने हळू आवाजात विचारलं, "दोघांना हिरवा दावलास व्हय रं?"

"दावला."

त्याने जाकिटाची चेन वर-खाली केली. "वहिनी नसत्या तर..."  तेवढ्यात लोकांनी त्याला उचललं. विमान ऐनवेळी वर खेचून बाईचा जीव वाचवणारा वीर म्हणून त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. मला साहेबांनी माचीवरून उतरवलं आणि उरलेला दिवस वाऱ्याप्रमाणे जमिनीवरची पांढरी खूण फिरवायला लावलं. मी गुडघ्यावर बसून कापड ओढत होतो आणि वसंताच्या गळ्यातल्या माळा मोजत नव्हतो असं म्हणणं खोटं होईल. बायको जाता जाता वाचली आणि मला त्या माळा दिसत होत्या. मत्सर असा निर्लज्ज असतो.

संध्याकाळी गल्लीत आलो तर खिडकीत तांबडा. घरात अख्खी गल्ली बसली होती. मी दोन घिरट्या घातल्या. काकूंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "काय दिसलं गं वरनं? नदी दिसली? द्येऊळ दिसलं?" ताराचं उत्तर ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने हिरवा लागला. मी दारात उभा राहिलो. आज तिने जबाब मागितला नाही. मीच विचारलं, "वसंताला तांबडा दिसला कसा? तो तर डावीकडे वाकला होता."

"त्येस्नी न्हाई दिसला. मला दिसला. मी नळीत वरडले, भावजी, तांबडा लुकलुकतोय, वर घ्या. त्ये म्हनले, कुटं? मी म्हनलं, कुटं काय इचारताय, वर घ्या आदी!"

"तुला कसा दिसला? तू नदी बघायचीस, देऊळ बघायचंस..."

"नदी काय, रोज धुणं धुतेय तिथं." ती कंदिलाची वात खाली करत म्हणाली. "मी तुमास्नीच बघत हुते. सुटल्यापास्नं. कुटंबी वळलं तरी मान तिकडंच. लय बारकं दिसत हुता. मेंढराएवढं."

मी आत येऊन चुलीसमोर उभा राहिलो. मग जे पोटात सलत होतं तेच तोंडातून आलं. "आणि शेवटी पंख? ते एवढे हलवले कुणी? वसंता तर विसरला होता."

"इसरलेच हुते. मी सांगितलं." ती माझ्याकडे बघून हसली. "म्हनलं, भावजी, जबाब द्या. खाली आमचं मानूस हिरवा धरून हुबं हाय. जबाब आल्याबिगर त्ये बत्ती खाली ठिवायचं न्हाई, हात मोडला तरी. आनि चांगला जोरात द्या, घाबरलंय त्ये."

पलीकडून काकूंनी भिंतीवर थाप मारली. "तारे, वसंतरावांनी शेवटाला किती झ्याक रामराम केला गं आपल्याला!"

ताराने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. मग दोन्ही हात पसरून, तिथेच, चुलीसमोर, डावीकडे झुललो, उजवीकडे झुललो.

"व्हय काकू," मी भिंतीला म्हणालो, "तुमालाच केला."